जर्मनचा गंज गंजत काहून नाही?

आर्वीचा मास्तर
नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात विज्ञान शिकवतो. परवा वर्गात लोखंड गंजण्याचा धडा सुरू होता. (विदर्भाबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात आणि अ‍ॅल्युमिनियमला जर्मन.) एका पोरीनं विचारलं, "सर, हवा लागली का लोखंड गंजते, मंग जर्मनचा गंज काहून गंजत नाही? त्याले हवा लागत नाही काय?" वर्ग हसला. मी म्हटलं, त्यावर ऑक्साइडचा थर असतो, तो वाचवतो. तर ती लगेच म्हणाली, "लोखंडावरचा गंज बी थरच होय ना? तो काहून नाही वाचवत?"

पुस्तकात याचं उत्तर नाही. घरी येऊन वखराची पास (मातीत चालणारं लोखंडी पातं) पाहिली. शनिवारी वावरातून आली तेव्हा तिच्यात तोंड दिसत होतं. रात्री पाऊस आला, रविवारी सकाळी नारिंगी. शेजारीच जर्मनचा गंज, वीस वर्षांचा, जसाच्या तसा.

मला मुळापासून समजून घ्यायचं आहे. कोऱ्या धातूला पहिल्यांदा हवा लागते त्या क्षणी तिथे काय घडतं? ऑक्सिजन येऊन बसतो तरी कुठे?

पऱ्हाटी
मास्तर, पोरगी हुशार आहे, तिले सांभाळा.

माझा अनुभव सांगतो. उन्हाळवाहीत आमची पास चांदीसारखी चमकते अन् महिनाभर तशीच राहते. मिरगाचा पयला पाणी पडला की एका रात्रीत तांबडी. मे महिन्यात हवा नव्हती काय? होतीच ना. म्हणून मी म्हणतो, गुन्हा हवेचा नाही, पाण्याचा आहे.

तिफण
@पऱ्हाटी, मग पाणी उकळून त्यावर तेलाचा थर दिला आणि त्यात खिळा ठेवला तर तो का गंजत नाही? पाणी तर भरपूर असतं. उकळल्यानं विरघळलेली हवा निघून जाते, तेल नवी हवा आत येऊ देत नाही. आम्ही शाळेत केलेला प्रयोग आहे. गुन्हा हवेचाच.

खारपाण
आमच्याकडे दर्यापूरला या, दोघांचाही निकाल लागेल. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात पाणी म्हणजे मिठाचंच. बोअरचा लोखंडी पाइप काढला की हातात पापडासारखा तुटतो. अन् आमच्याकडे जर्मनचा गंजही गंजतो बरं का! बुडाला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडतात. ते मास्तरांच्या पोरीला सांगा.

निर्वात
मूळचा वणीचा. पीएचडीची सगळी वर्षं एका स्टीलच्या पिंपासमोर गेली. त्यात हवा जवळजवळ नसायची आणि आम्ही निकेलच्या स्फटिकावर मोजूनमापून ऑक्सिजन सोडायचो. हा प्रश्न पाहून राहवेना.

पऱ्हाटी आणि तिफण, तुम्ही दोघंही खरं बोलताय. हवा आणि पाणी यांची कामं वेगळी आहेत. आधी हवेचं सांगतो, मास्तरांनी तेच विचारलंय.

धातूच्या एका चौरस सेंटीमीटरवर साधारण एकावर पंधरा शून्यं इतके अणू असतात. आणि आपल्या हवेतले ऑक्सिजनचे रेणू त्यातल्या प्रत्येक अणूवर दर सेकंदाला काही कोटी वेळा आदळतात. आता विचार करा, पास मातीतून बाहेर आली की तिचं कोरेपण किती वेळ टिकेल? पापणी लवायच्या कितीतरी आधी ती झाकलेली असते. मास्तर, तुम्ही कोरं लोखंड कधी पाहिलेलंच नाही, मीही पिंपाच्या बाहेर पाहिलेलं नाही. चमकणारी पाससुद्धा ऑक्सिजनच्या पांघरुणाखालची असते, फक्त ते पांघरूण इतकं पातळ की उजेड आरपार जातो.

म्हणून आम्हाला पिंप लागायचं. आत दाब हवेच्या दाबाच्या साडेसात लाख कोटीव्या भागाइतका उतरवला की कुठे साफ केलेला स्फटिक दोन-तीन तास साफ राहतो. या शास्त्रात मोजायचं मापच असं आहे: टॉर हे दाबाचं एकक, त्याच्या दहा लाखाव्या भागाइतका दाब एक सेकंद राहिला तर तो एक लँगम्यूर. धडकलेला प्रत्येक रेणू चिकटला तर तेवढ्यात एक थर जवळजवळ भरतो. हे नाव अर्विंग लँगम्यूर यांचं. पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी त्यांना १९३२ मध्ये नोबेल मिळालं.

जेवून येतो, मग "बसतो कुठे" ते लिहितो.

पऱ्हाटी
जेवा बापा सावकाश. आम्ही इथंच बसून हावो.

सीताफळ
तोवर माझी शंका. आजीच्या चांदीच्या तोरड्या काळ्या पडतात ते ऑक्सिजननंच ना? आणि तिच्या बोरमाळेला चाळीस वर्षांत काही झालं नाही.

निर्वात
आलो. आधी @सीताफळ: तोरड्यांचं काळं हे ऑक्सिजनचं काम नाही. हवेत गंधकाचे वायू किंचित असतात, त्यांच्यामुळे चांदीचं सल्फाइड होतं. सोन्यावर तर ऑक्सिजनचा रेणू येतो, टेकतो आणि निघून जातो. त्याला तुटून दोन अणू व्हायला सोनं भागच पाडत नाही.

आणि सगळी गोष्ट त्या तुटण्यातच आहे. रेणू आला की आधी नुसता टेकतो. धातू खूप गार असेल तर तसाच टेकून राहतो. नाहीतर धातूतले इलेक्ट्रॉन त्याच्यात उतरतात, आणि ज्या जागी उतरतात ती जागा भरली की ऑक्सिजनच्या दोन अणूंमधला बंध सैल पडतो. तो बंध तसा चिवट, मोलमागे ४९८ किलोज्यूल. पण दोन्ही अणू धातूला धरून बसले की त्याहून जास्त ऊर्जा मिळते, म्हणून लोखंड, निकेल, अ‍ॅल्युमिनियम यांच्यावर हा सौदा परवडतो. नुसतं टेकणं आणि असं धरून बसणं, दोन्हींना मिळून अधिशोषण म्हणतात. इथवर ऑक्सिजन वरच असतो, आत शिरलेला नसतो.

आता बसतो कुठे. पूर्वी आपण दोन्हीकडून रेघा मारून चौफुलीवर सरकी टोबायचो, आठवतं? निकेलच्या स्फटिकाच्या एका चौरस जाळीच्या बाजूवर अगदी तसंच होतं. त्या बाजूला (१००) म्हणतात. चार अणूंच्या मधोमध खळगा असतो, ऑक्सिजन त्या खळग्यात बसतो. पण सगळ्या खळग्यांत नाही. आधी चारांतला एक खळगा भरतो, एक आड एक, दोन्ही दिशांनी. आणखी ऑक्सिजन सोडला की मधल्या जागाही भरून निम्मे खळगे होतात. इथपर्यंत सगळं शिस्तीत. त्यापुढे दाटी होते आणि वरच्या अणूंची जाळीच मोडते. कुठेतरी पायरीपाशी (अणूंचा वरचा थर जिथे संपतो तो काठ), कुठेतरी जाळीतल्या खोटीपाशी निकेल ऑक्साइडचं बेट उगवतं, ते आडवं पसरत जातं, बेटं एकमेकांना भिडतात. साध्या तापमानाला दोन-तीन थर झाले की प्रकरण जवळपास थांबतं.

तांब्याचं तर याहून मजेशीर आहे. त्याच्या (११०) बाजूवर ऑक्सिजन आला की शेजारच्या पायऱ्यांवरून तांब्याचे अणू सुटून येतात आणि तांबं-ऑक्सिजन-तांबं अशा लांब माळा पृष्ठभागावर ओवल्या जातात. म्हणजे ऑक्सिजन येऊन नुसता बसत नाही, घरमालकालाच सामान हलवायला लावतो.

तिफण
हे सगळं स्फटिकाचं झालं. पास काय स्फटिक आहे? स्फटिक म्हणजे तुरटी, खडीसाखर.

निर्वात
पासही स्फटिकांचीच आहे, फक्त ते बारीक, एकमेकांत गच्च बसलेले, डोळ्यांना न दिसणारे. डोळ्यांनी पाहायचे असतील तर जस्त चढवलेली नवी बादली किंवा टिनाचा नवा पत्रा उन्हात धरा. त्यावर जी फुलं दिसतात, एक उजळ, एक मंद, ती जस्ताच्या स्फटिकांचीच. प्रत्येक फुलात अणूंची जाळी वेगळ्या कोनात बसलेली असते.

आणि कोन वेगळा तर ऑक्सिजनचा वेगही वेगळा. व्हर्जिनिया विद्यापीठात अ‍ॅलन ग्वाथमी यांनी तांब्याच्या एकाच स्फटिकाचे गुळगुळीत गोळे करून तापवले. गोळा म्हटला की स्फटिकाच्या सगळ्या बाजू एकाच ठिकाणी मिळतात. ऑक्साइड कुठे भराभर वाढला, कुठे सावकाश, त्यामुळे गोळ्यावर रंगांची नक्षी उमटली. (१००) बाजू सगळ्यात उतावीळ, (३११) सगळ्यात संथ.

लोहाराचा नातू
रंगांचा विषय निघाला म्हणून लिहितो, इतके दिवस नुसतं वाचतच होतो.

आमचा आजा गावात पाच-सात गावची कामं करायचा. कुऱ्हाडी, इळे, टिकास, पाशी. छिन्नीला पाणी द्यायचं काम तो कोणाला करू देत नसे. टोक लाल करून पाण्यात बुडवायचं, लगेच काढून दगडावर घासून एक बाजू उजळ करायची, अन् मग नुसतं पाहात राहायचं. मागची धग टोकाकडे सरकते तसे रंग चालत येतात. आधी गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. छिन्नीला जांभळा टोकाशी आला की झटकन पाणी. निळा होऊ दिला तर छिन्नी मऊ पडते, गव्हाळलाच थांबलं तर टवका उडतो. सांजच्यालाच करायचा हे काम, म्हणायचा उन्हात रंग खोटा बोलतो.

मी पुढं आयटीआय केलं, तिथं तापमानं कळली: गव्हाळ २२०-२३० अंशांना, जांभळा २८० च्या आसपास, निळा ३०० च्या पुढे. पण तो रंग नेमका कशाचा, हे कोणी नाही सांगितलं. ऑक्सिजनच्याच थराचा काय तो?

निर्वात
@लोहाराचा नातू, तुमच्या प्रतिसादासाठी हा धागा निघाला असं मला वाटतं. हो, तो ऑक्साइडचाच थर. पाण्यावर डिझेलचा थेंब पडला की रंग दिसतात ना, तेच कारण. थराच्या वरून परतलेला उजेड आणि खालून परतलेला उजेड एकमेकांत मिसळतात आणि थराच्या जाडीप्रमाणे काही रंग मारले जातात. तुमचे आजोबा मिलिमीटरच्या लाखाव्या भागांतली जाडी नुसत्या डोळ्यांनी वाचत होते. ग्वाथमींनी गोळ्यावर पाहिलं ते हेच.

लोहाराचा नातू
आईले वाचून दाखवलं. ती म्हणे, बुवाले हे ऐकाले भेटलं पायजे होतं.

भट्टीतल्या लोखंडावर घण पडला की जी काळी खपली उडते, तीही यातलीच ना?

निर्वात
तीही. पण ती जाड, आणि तिच्यात लोखंडाच्या ऑक्साइडांचे तीन पदर. ५७० अंशांच्या वर लोखंडाला लागून वुस्टाइट, त्यावर मॅग्नेटाइट, सगळ्यात बाहेर हेमटाइट. आतून बाहेर जावं तसा ऑक्सिजनचा वाटा वाढत जातो.

दगडधोंडा
थोडं विषयांतर. आपण इथे लोखंडावर ऑक्सिजन कसा चढतो ते बोलतोय, पण आपल्याच मातीत तो उतरवायचं काम फार जुनं आहे. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नायकुंडला १९७० च्या दशकातल्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, महापाषाणयुगातली, इसवीसनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची. लोहखनिज म्हणजे ऑक्सिजननं आधीच गच्च धरलेलं लोखंड. कोळसा जाळून कार्बन मोनॉक्साइड तयार करायचा आणि त्याच्याकरवी तो ऑक्सिजन ओढून काढायचा. गडचिरोलीतल्या सुरजागडच्या डोंगरात जे लाल-काळं हेमटाइट आहे, ते भट्टीत घातलं की हीच झटापट. त्या लोकांनी घाम गाळून सोडवलेलं लोखंड हवा आणि पाणी मिळून फुकटात परत बांधून ठेवतात.

पऱ्हाटी
ते सगळं झ्याक, पण मास्तरच्या पोरीचा सवाल जिथल्या तिथं आहे. दोन्हीवर थर बसते. जर्मनवरचा वाचवते, लोखंडावरचा काहून नाही?

निर्वात
बरोबर, तिकडेच येतो. यात माझा एक आग्रह आहे, तो आधी सांगतो. "अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही" हे वाक्य पुस्तकांतून काढून टाकावं. अ‍ॅल्युमिनियमला ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षा फार जास्त. ते आधीच झाकलं गेलेलं असतं, म्हणून पुढे काही होत नाही.

नवा थर फार पातळ असतो तेव्हा धातूतले इलेक्ट्रॉन त्यातून पार होऊन वरच्या ऑक्सिजनला मिळतात. मग वर ऋण, खाली धन, आणि मध्ये मिलिमीटरच्या दहालाखाव्या भागाइतकी जागा. एवढ्याशा जागेत व्होल्टभर दाब म्हणजे प्रचंड ताण. तो ताण धातूचे आयन खेचून वर आणतो आणि थर वाढतो. पण वाढला की इलेक्ट्रॉनांना पार होणं अवघड, ताणही सैल. दोन ते चार नॅनोमीटरवर अ‍ॅल्युमिनियमचा थर साध्या हवेत थांबतो. हे गणित कॅब्रेरा आणि मॉट यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी मांडलं. विळ्यानं ओरखडा काढा, तिथे थर तात्काळ पुन्हा धरतो.

आता ऐका: कोरड्या हवेत लोखंडही हेच करतं! काही नॅनोमीटरचा थर धरतं आणि थांबतं. पऱ्हाटींची पास मे महिन्यात चमकत राहते ती यामुळेच. आपल्याकडे तेव्हा दुपारी हवेत दमटपणा कितीसा असतो? साधारण ६० टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की लोखंडावर पाण्याचा न दिसणारा पापुद्रा बसतो आणि खेळ बदलतो. मग एका जागी लोखंड विरघळतं, दुसऱ्या जागी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो, आणि गंज मधल्या पाण्यात कुठेतरी तयार होतो. तो धातूला चिकटून वाढलेला नसतो, वरून साचलेला असतो. भुसभुशीत, पाणी धरून ठेवणारा. शेण लिंपलेली भिंत आणि भिंतीशी टाकलेला उकिरडा, एवढा फरक.

तिफण
मी वाचलं होतं की ऑक्साइड धातूपेक्षा किती फुगतं त्यावर सगळं ठरतं. अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड १.२८ पट जागा घेतं म्हणून नीट बसतं, लोखंडाचं दुपटीच्या आसपास, म्हणून सोलून निघतं. मॅग्नेशियमचं ०.८१, म्हणजे कमीच पडतं, भेगा राहतात.

निर्वात
पिलिंग आणि बेडवर्थ यांचं १९२३ चं गुणोत्तर. उपयोगी आहे, पण सगळं त्यावर ठरत नाही. क्रोमियमचं ऑक्साइडही दुपटीच्या आसपास फुगतं, आणि स्टेनलेस स्टील तर त्याच्याच जिवावर उभं आहे.

वाफ
औष्णिक वीज केंद्रात बॉयलरवर आहे. पोरीला हेही सांगा की लोखंडाचा थर लोखंडाला वाचवतो, आणि त्यावरच आमची नोकरी चालते. बॉयलरच्या नळ्यांत आतून मॅग्नेटाइटचा काळा, घट्ट थर धरलेला असतो. तो टिकावा म्हणून पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन काढून अब्जात काही भाग इतक्यावर आणतो आणि पाणी किंचित अल्कधर्मी ठेवतो. थर तुटला तर नळी गेली. चंद्रपूर असो की कोराडी, थर सांभाळायचा म्हणजे पाणी सांभाळायचं.

आर्वीचा मास्तर
दोन दिवसांत इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. उद्या वर्गात सांगणार आहे. पण नुसतं सांगून पोरं ऐकत नाहीत, दाखवावं लागतं. जर्मनवर थर आहे हे कसं दाखवू? दिसत तर नाही.

तिफण
पाऱ्याचा थेंब! ओरखडा काढून त्यावर पारा घासला की थर पुन्हा धरत नाही आणि पांढरा कापूस उगवल्यासारखं ऑक्साइड वर येतं.

सीताफळ
नका हो. वर्गात पारा नको. सांडला तर फटीफटीत जातो आणि त्याची वाफ पोरांच्या छातीत. मी आरोग्य खात्यात आहे, कळकळीनं सांगते.

तिफण
मान्य, मागे घेतो. लिहायच्या भरात लिहिलं.

निर्वात
मास्तर, तुमच्या भागात संत्र्याचे बगीचे आहेत. बोर्डोच्या फवारणीसाठी लागणारं मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे त्यात तांबं असतं) कोणाकडेही मिळेल. दोन काचेचे ग्लास घ्या, दोन्हींत मोरचुदाचं निळं पाणी, दोन्हींत जर्मनच्या फॉइलचा तुकडा. रसायनशास्त्राच्या हिशेबानं तांबं लगेच अ‍ॅल्युमिनियमवर बसायला हवं, पण बराच वेळ काही होणार नाही. मग एका ग्लासात चमचाभर मीठ टाका. मोरचूद विषारी आहे, तुम्हीच हाताळा, ग्लास नंतर प्यायला वापरू नका.

मीठ काय करतं ते @खारपाण यांनी आधीच सांगितलंय. मिठातला क्लोराइड त्या थराला भोकं पाडतो.

खारपाण
म्हणजे आमच्या गंजाच्या बुडाची भोकं ती हीच!

आर्वीचा मास्तर
केलं. बिनमिठाच्या ग्लासात वीस मिनिटं फॉइल चकचकीत. दुसऱ्यात मीठ विरघळायचा अवकाश, बुडबुडे सुटले, फॉइल काळी-तांबडी झाली, निळा रंग उतरत गेला, ग्लास कोमट लागला. पोरं बाकांवर चढली. तिनं मात्र मिठाचा ग्लास सोडून बिनमिठाचा धरला, आणि सुट्टीतही तो हलवू दिला नाही.

आज सकाळी ती आधी पोचली होती. म्हणे, "सर, याच्यातबी आलं." पाहिलं तर खरंच, फॉइलच्या मधल्या भागावर काही नाही, पण कात्रीनं कापलेल्या काठावर आणि जिथे घडी पडली होती त्या रेघेवर बारीक तांबडे ठिपके. तिचा प्रश्न: काठावरच काहून?

निर्वात
कारण थर तिथेच विस्कटलेला असतो. निकेलवर ऑक्साइडचं पहिलं बेट पायरीपाशी उगवतं म्हणालो होतो ना, तसंच. तिला सांगा, पुढच्या फॉइलवर टाचणीनं आपलं नाव कोरून ठेव, आणि ठिपके कुठे येतात ते पाहा. मग फोटो टाका.